दहा गुंठ्यांची उमेद



एकरी शंभर टन हा विषय आता आपल्याकडे कुणाला नवा राहिलेला नाही. गटागटांत मेळावे होतात, ऊस पीक स्पर्धेतल्या विजेत्यांचे सत्कार होतात, त्यांचे फेट्यातले फोटो आपल्या याच पत्रिकेत छापून येतात. मंडळी मन लावून ऐकतात, चहा घेतात आणि घरी जातात. पुढे लागणीच्या नोंदी आल्या की आम्ही शेतकी खात्यातली माणसे त्या चाळतो. सरी तीच तीन फुटी, बेणे तेच घरचे खोडव्याचे, खत टाकायची रीतही तीच. सांगितलेले पटले नाही म्हणावे, तर तसेही नाही. बांधावर उभे राहून विचारले की बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "साहेब, पटतंय सगळं. पर नाही जमलं म्हंजे?"

आजचा पाठ या शेवटच्या तीन शब्दांवर आहे. खत, पाणी, बेणे यांवर आपण वरचेवर लिहितो. पण ज्या अडचणीमुळे ते लिहिलेले रानात उतरत नाही, तिच्यावर एकदा सविस्तर बोलायला हवे.

या प्रश्नाला भित्रेपणा म्हणून हसण्यात अर्थ नाही. मेथी फसली तर महिना गेला. सोयाबीन फसले तर साडेतीन-चार महिने गेले. उसाचे तसे नसते. आडसाली लागण सोळा-अठरा महिने रानात उभी राहते, तिच्यामागे खोडवा येतो, कित्येक जण निडवाही ठेवतात. म्हणजे लागणीच्या दिवशी जे चुकले ते तीन-साडेतीन वर्षे आपल्या रानात वस्तीला राहते. ज्याला दीड एकर रान आहे, डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे आणि मुलगी बारावीला आहे, त्याने "नाही जमलं म्हंजे?" असे विचारले तर तो हिशेबी माणूस आहे असे मी समजतो. न विचारता पाच एकरांत एकदम नवा उद्योग करणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. त्याच्याविषयी पुढे लिहितो.

दुसरी एक भीती असते, ती पैशाची नसते. आपली राने एकमेकांना लागून आहेत. रस्त्याकडेच्या सरीत रोपे वाळली तर सारा गाव येता-जाता बघतो आणि संध्याकाळी पारावर तो विषय होतो. एका सभासदाने मला सरळ सांगितले, "नुकसान सोसंल ओ साहेब, पर भावकीचं हसनं सोसत नाय." हे ऐकायला किरकोळ वाटते, पण माझ्या पाहण्यात पैशापेक्षा या भीतीनेच जास्त प्रयोग अडून राहिले आहेत.

विजेत्यांचे फोटो छापण्याला माझा विरोध नाही, त्यांचे कष्ट मी डोळ्यांनी पाहिले आहेत. परंतु एकरी २८ टनांवरचा माणूस १०० टनांचा फोटो पाहून हिंमत धरत नाही. "त्यांचं काय, नदीकाठचं काळं रान, घरचा ट्रॅक्टर," असे म्हणून तो पान उलटतो. माझे मत असे की २८ वरून ४० वर आलेल्या माणसाचाही फोटो छापावा, आणि तो शक्यतो लहान खातेदाराचा असावा. संपादक मंडळाने याचा विचार करावा.

शंभर टनांची फोड

मोठ्या आकड्याची भीती कमी करायची तर तो फोडून बघावा. एका एकरात तोडणीला ४०,००० ऊस मिळाले आणि प्रत्येक ऊस अडीच किलोचा भरला की १०० टन झाले. तेवढेच ऊस दीड किलोचे भरले तर ६० टन. ३०,००० ऊस आणि वजन सव्वा किलो, म्हणजे साडेसदतीस टन. आपल्या राज्याची सरासरी हेक्टरी ८० टनांच्या आसपास, म्हणजे एकरी ३२-३३ टनांच्या घरात असते. तेव्हा शंभर टन हा एक आकडा नाही, दोन लहान आकड्यांचा गुणाकार आहे. ऊस किती, आणि ऊस केवढा. पहिला आकडा लागणीचे अंतर, नांग्या आणि फुटवे यांवर ठरतो. दुसरा अन्न, पाणी आणि ऊन यांवर. हे दोन्ही आकडे थोडे थोडे हलवता येतात. ३०,००० ऊस तेच ठेवून वजन सव्वा किलोवरून दीड किलोवर नेले तरी साडेसात टन वाढले. अडीच किलोचे आपण नंतर बघू.

धुराड्याच्या आधीची गोष्ट

प्रवरानगरचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना, पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, एवढे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पण ही गोष्ट आपण नेहमी १९५० पासून, धुराड्यातून धूर निघाला तिथून सांगतो. माझ्या मते ती १९२३ पासून सांगायला हवी. त्या वर्षी अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) लोणी बुद्रुक या गावी विखे पाटलांनी पुढाकार घेऊन सहकारी पतपेढी काढली. स्वतःचे शिक्षण प्राथमिक शाळेपुरते. डोक्यात साखर नव्हती. गाव सावकाराच्या वहीतून बाहेर काढावे, एवढाच त्या वेळचा हेतू. रक्कम लहान, सभासद ओळखीचे. दहा जणांचे पैसे सांभाळणे, वसुलीला दारात जाणे, सभेत वादावादी झाली तरी संस्था न मोडणे हे सगळे माणसे तिथे शिकली असणार. कारखाना चालवायला याच गोष्टी लागतात, फक्त आकडे मोठे असतात.

पुढे मंदीचा काळ आला. १९३० नंतर गुळाचे भाव कोसळले आणि कालव्यावरचे बागायतदार कर्जात बुडाले. १९३२ साली सरकारने साखर धंद्याला जकातीचे संरक्षण दिल्यावर खाजगी कारखाने निघू लागले. घाम शेतकऱ्याचा आणि धुराडे दुसऱ्याचे, अशी स्थिती झाली. (त्याच सुमारास सासवडच्या माळी मंडळींनी सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला स्वतःचा कारखाना उभा केला. तो सहकारी नव्हता, कंपनी होती. पण शेतकऱ्याला कारखाना चालवता येतो हे त्यांनी आधी दाखवले. आपल्या भाषणांत त्यांचे नाव फारसे येत नाही, ते यायला हवे.)

१९४५ साली कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि शेतकऱ्यांनी आपला सहकारी कारखाना काढावा हा विचार पक्का झाला. मग शेअर भांडवलासाठी विखे पाटील गावोगाव आणि वस्त्यावस्त्यांवर फिरले. त्या फिरतीत त्यांना "नाही जमलं म्हंजे?" हा प्रश्न किती दारांत ऐकावा लागला असेल, याची कल्पना आजही शेअरची रक्कम वाढवताना आपल्याला करता येते. १९४८ अखेर संस्थेची नोंदणी झाली. १९५० साल संपता संपता पहिले गाळप सुरू झाले. आजच्या मानाने कारखाना लहानच. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याने पायपीट केली त्याने अध्यक्षपदाची खुर्ची स्वतः घेतली नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी ते पद सांभाळले. आपल्याला जे येत नाही त्यासाठी जाणता माणूस शोधून आणणे, हाही उमेदीचाच भाग असतो.

१९२३ ते १९५०, म्हणजे सत्तावीस वर्षे. पहिल्याच वर्षी कुणी लोणीच्या पारावर उभे राहून "चला, कारखाना काढू" म्हणाला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते, आणि ते चुकीचेही झाले नसते. पतपेढी बुडाली असती तर थोडे नुकसान होते, भरून काढता आले असते. पतपेढीचा अनुभव नसताना काढलेला कारखाना बुडाला असता, तर तालुका उठला नसता.

सहकारी म्हटले की यश ठरलेलेच, असेही कुणी समजू नये. आपल्या राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने पुढे आजारी पडले, काही विकले गेले. कारणे अनेक आहेत, पण हाताशी ऊस किती आहे हे न पाहता केलेली वाढ हे त्यांतले एक कारण आहे. एवढे लिहून हा विषय सोडतो, नाहीतर संचालक मंडळ माझ्याकडे बघेल.

एका रोपाची गोष्ट

इतिहास लांबचा वाटत असेल तर आपल्याच रानात बघा. आपल्यापैकी पुष्कळांच्या रानात को ८६०३२, म्हणजे निरा, हा वाण उभा आहे. ऊस आपण कांडीपासून लावतो, त्यामुळे कांडीतून येणारा ऊस हा मूळच्या झाडाचाच तुकडा असतो. याचा अर्थ असा की या वाणाचा जेवढा ऊस आजवर गव्हाणीत पडला, तो सगळा कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रातल्या एकाच रोपापासून वाढत आलेला आहे. को ६२१९८ आणि कोसी ६७१ या दोन वाणांच्या संकरातून आलेले ते एक रोप. वाणाच्या नावातले ८६ हे १९८६ सालाचे. महाराष्ट्रात पाडेगावच्या संशोधन केंद्राने तो १९९६ मध्ये लागवडीसाठी दिला. मधली दहा वर्षे तो लहान लहान वाफ्यांत, शेजारी जुना वाण लावून, ताडून पाहिला जात होता.

आणि त्याच्याबरोबर उगवलेल्या रोपांचे काय झाले? ऊस पैदास करणारे शास्त्रज्ञ दरवर्षी हजारो रोपे तयार करतात आणि त्यांतली जवळजवळ सगळी टाकून देतात. कुणी लोळते, कुणी कमी साखरेचे निघते, कुणी काणीला बळी पडते. त्या टाकून देण्याला तिथे कुणी अपयश म्हणत नाही, निवड म्हणतात. त्यांना हे परवडते, कारण प्रत्येक रोपाला दिलेली जागा लहान असते. हेच लहानपण आपल्या रानात आणायचे आहे.

तीस गुंठ्यांच्या ताई

आपल्या एका गटातल्या सभासद ताईंचे उदाहरण देतो. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. मालक वारल्यावर शेअर त्यांच्या नावावर झाला. रान एकूण ३० गुंठे, सोसायटीचे कर्ज थोडे थकलेले, दोन मुले शाळेत. तीन फुटी सरी, तीन डोळ्यांची कांडी, आणि तीस गुंठ्यांत मिळून २२ टन ऊस, म्हणजे एकरी २९ टनांच्या जवळ. मेळाव्याला त्या मागे बसत आणि कधी काही विचारत नसत. एकदा मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब, ती रोपाची लागण पाच गुंठ्यात हुईल का?" मी होईल म्हणालो. त्यांनी थोडा विचार केला. "मग बुडलं तर पाचच गुंठं बुडत्याल. लावा."

पाच गुंठ्यांना साडेचार फुटी सरीत दीड फुटावर एक रोप धरले तर सुमारे ८०० रोपे लागतात. रोपामागे दोन-अडीच रुपये धरले तरी खर्च दोन हजारांच्या आसपास. बाकीचे पंचवीस गुंठे त्यांनी नेहमीसारखेच ठेवले, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

कारण पहिले वर्ष फसले. लागणीला उशीर होऊन ती ऐन मार्चच्या उन्हात झाली. आठव्या दिवशी विहिरीवरची मोटर जळाली आणि भरून यायला आठवडा गेला. अडीचशेवर रोपे वाळली. नांग्या भरायला जादा रोपे नव्हती. शेजारचे येऊन म्हणून गेले, "रोपं लावायला ही काय वांगी हायत का?" तोडणीला ते पाच गुंठे बाजूच्या जुन्या लागणीपेक्षाही कमी भरले. पण पंचवीस गुंठ्यांचा ऊस कारखान्याला गेला, सोसायटीचा हप्ता गेला आणि पोरांच्या शाळेला धक्का लागला नाही. घर चालू राहिले, म्हणून त्यांना दुसऱ्यांदा विचार करता आला.

ताईंनी तेव्हा जे केले त्यामुळे मी त्यांचे उदाहरण देतो आहे. त्यांनी नशिबाला दोष दिला नाही आणि पद्धतही सोडली नाही. मुलाच्या शाळेच्या वहीत मागच्या पानावर त्यांनी तीनच गोष्टी लिहून आणल्या होत्या: लागण उशिरा, पाणी चुकले, जादा रोपे नाहीत. जी रोपे जगली होती त्यांचे फुटवे आणि उसाची जाडी त्यांनी बघून ठेवली होती. "जगल्याल्या बेटाला सात-सात ऊस हुते साहेब. म्हंजे रोपाचा दोष न्हाई." रोपे मेली कशाने आणि जगली ती कशी वाढली, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले. कृषी पदविकेच्या वर्गात हे आम्हाला शिकवायला बराच वेळ लागला होता.

खोडवा न ठेवता त्यांनी ते पाच गुंठे मोडले, पावसाळ्यात ताग गाडला आणि नोव्हेंबरात पूर्वहंगामी लागण केली. या वेळी ५० रोपे जादा आणून विहिरीजवळ सावलीला ठेवली होती. पंधरा दिवसांत नांग्या भरून घेतल्या. त्या तुकड्याचा उतारा मोजणीने एकरी ४६ टनांच्या हिशेबाने आला. पुढच्या लागणीला पंधरा गुंठे, मग सगळे रान. गेल्या हंगामात लागण आणि खोडवा मिळून तीस गुंठ्यांत ३७ टन गेले. शंभर टनांच्या शर्यतीत हा आकडा कुठेच बसत नाही. पण २२ चे ३७ झाले, थकबाकी फिटली, आणि पूर्वी हसणारे शेजारी आता त्यांच्याकडे रोपांचा पत्ता विचारायला येतात.

प्रयोग कसा करावा

आता कामाचे बोलू. ज्याला एकर-दोन एकर आहे त्याने पाच किंवा दहा गुंठे घ्यावेत. मनाला एकच विचारावे, हा तुकडा पूर्ण गेला तरी घर आणि कर्जाचा हप्ता चालेल का? चालेल असे उत्तर येईल तेवढाच तुकडा आपला. विहिरीजवळचे सर्वांत कसदार रान निवडू नये, पानथळ-चोपण कोपराही निवडू नये. सर्वसाधारण रान जसे आहे तसे मध्यभागी घ्यावे. त्याला लागून तेवढेच रान जुन्या पद्धतीचे ठेवावे. शेजारी जुने नसेल तर नव्याची किंमत कळत नाही. पाऊस बरा झाला म्हणून आला की पद्धतीने आला, हा वाद वर्षानुवर्षे चालत राहतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, फार तर दोन. वाण नवा, सरी नवी, खत नवे, ठिबक नवे असे सगळे एकदम केले तर यश आले तरी कशाने आले ते समजत नाही, आणि फसले तर सगळ्यांवरच राग निघतो.

ज्यांना पहिल्या खेपेला पैसाच घालायचा नाही त्यांनी बिनखर्ची प्रयोग करावेत. नत्राचेच घ्या. पूर्वहंगामी लागणीला हेक्टरी ३४० किलो नत्राची शिफारस आहे. आपल्याकडे पुष्कळ जण युरिया दोन हप्त्यांत संपवतात. तोच युरिया, एक पोते न वाढवता, चार हप्त्यांत द्यावा. लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा टक्के आणि मोठ्या बांधणीला चाळीस टक्के. किंवा खोडव्याचे घ्या. एकरी तीन-चार टन पाचट आपण काडी लावून धूर करतो. दहा गुंठ्यांत ते न जाळता सरीत दाबून ठेवून बघावे. या प्रयोगात फसण्यासारखे फार थोडे आहे.

मोजणीची अडचण सगळे सांगतात, आणि ती खरी आहे. टोळी आली की सगळा ऊस एकाच ट्रॉलीत जातो, काट्यावर दहा गुंठे वेगळे निघत नाहीत. त्यासाठी सोपी रीत आहे. तोडणीच्या आदल्या दिवशी तुकड्यात तीन ठिकाणी दहा-दहा फूट सरी मोजावी आणि तेवढ्यातले तोडण्याजोगे ऊस मोजावेत. तिन्हींची सरासरी काढावी. साडेचार फुटी सरीत दहा फूट म्हणजे ४५ चौरस फूट, आणि एकरात ४३,५६० चौरस फूट. म्हणून त्या सरासरीला ९६८ ने गुणावे. तीन फुटी सरी असेल तर १,४५२ ने गुणावे. मग वेगवेगळ्या ठिकाणचे दहा ऊस पाला आणि वाढे काढून ताणकाट्यावर तोलावेत, दहाने भागावे. समजा तीन फुटी सरीत दहा फुटांत २४ ऊस आले आणि वजन सरासरी एक किलो. एकरी ३४,८४८ ऊस, म्हणजे जवळजवळ ३५ टन. शेजारच्या साडेचार फुटी तुकड्यात दहा फुटांत ३४ ऊस आले आणि वजन एक किलो सहाशे ग्रॅम. एकरी ३२,९१२ ऊस, पण टन साडेबावन्न. ऊस संख्या कमी असून टन वाढले. हे कागदावर स्वतःच्या हाताने मांडले की माणूस दुसऱ्याच्या हसण्याला फारसा भीक घालत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता त्या पाच एकरवाल्याकडे येतो. काही तरुण सभासद मोबाईलवर पाहून किंवा विक्रेत्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवून सगळे रान एकदम बदलतात. ठिबकाचे कर्ज, रोपांचे कर्ज, औषधांची उधारी. त्यांची हौस मला आवडते, नव्या पिढीने रान धरून राहावे असे आपण म्हणतो ना? पण पहिल्याच वर्षी फटका बसला की हीच पोरे "शेतीत काय राम नाही" म्हणून गाव सोडतात. खरे तर त्यांची पद्धत चुकीची नसते, तुकडा मोठा असतो. वडीलधाऱ्यांनी अशा वेळी नुसते "नको" म्हणू नये. "वरचे दहा गुंठे तुझे, तिथे काय करायचे ते कर, मी विचारणार नाही," असे म्हणावे. आणि मग खरोखर विचारू नये, हे जास्त अवघड आहे.

सगळेच नुकसान आपल्या हातचे नसते, हेही सांगायला हवे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर-सांगलीकडचा उभा ऊस पाण्याखाली गेला, त्यात चांगल्या-वाईट लागणीत फरक राहिला नाही. अशा वर्षाचा आकडा वहीत "पूर" म्हणून वेगळा लिहावा. त्यावरून पद्धतीला पास-नापास ठरवू नये.

बेण्याच्या बाबतीत तर लहान सुरुवातीला दुसरा मार्गच नाही. नव्या वाणाचे शुद्ध बेणे एका गुंठ्यात लावले तर पारंपरिक पद्धतीने त्याचे पुढच्या लागणीला सुमारे दहा गुंठे होतात, आणि त्या दहाचे त्याच्या पुढच्या लागणीला शंभर गुंठे, म्हणजे अडीच एकर. एक डोळ्याची रोपे केली तर याहून जास्त. बेणे मात्र नऊ ते अकरा महिन्यांचे, बेणेमळ्यातलेच घ्यावे, खोडव्याचे नको.

येत्या लागण हंगामासाठी प्रत्येक गट ऑफिसात "लहान प्रयोग" अशी वही ठेवली आहे. त्यात आपले नाव, खाते नंबर, किती गुंठे आणि कोणती एक गोष्ट बदलणार, एवढेच लिहायचे आहे. वहीत नाव असलेल्या तुकड्याची तोडणीआधीची मोजणी गटाचा चिटबॉय येऊन करून देईल, ताणकाटाही तोच आणील. तोडणीची चिठ्ठी मिळाली की त्याला आदल्या दिवशी निरोप द्यावा. फसलेल्या तुकड्यांची मोजणीही करून घ्यावी, ती टाळू नये. रोपे हवी असणाऱ्यांनी लागणीच्या दीड महिना आधी मागणी नोंदवावी, आणि मागणी करताना नांग्यांसाठी शेकडा पाच रोपे जादा धरावीत.

आपला,
ऊस विकास अधिकारी